गणित सोडावे की ठेवावे? वैमानिक होऊ पाहणाऱ्यांसाठी दहावीनंतरच्या वाटा

गोंदियाजवळ बिरसी विमानतळावर राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था आहे आणि नागपुरात जुना फ्लाइंग क्लब आहे, त्यामुळे विदर्भातल्या मुलामुलींना वैमानिक होण्यासाठी फार लांब जावेच लागते असे नाही. त्यांची वाट अडते ती अकरावीच्या प्रवेशअर्जापाशी. व्यावसायिक वैमानिक परवान्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हे दोन्ही विषय लागतात, आणि तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात मात्र ‘नीट’च्या ओढीने गणित सोडण्याचाच प्रघात आहे.

गणित सुटले, किंवा वाणिज्य शाखा घेतली, तरी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून राहिलेला विषय देता येतो. असे असले तरी माझा कल पहिल्यापासून गणित ठेवण्याकडेच आहे, कारण परवान्याच्या लेखी परीक्षांत ७० टक्के गुण लागतात आणि तिथे कच्चा पाया लगेच उघडा पडतो. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर गेला की हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाची ताकद घटते आणि विमानाला धावपट्टी जास्त लागते. हे ज्याला बारावीच्या भौतिकशास्त्रातून समजले आहे, त्याला पुढे घोकंपट्टी करावी लागत नाही. (नाव गावच्या कॉलेजात आणि शिकवणी अमरावतीत, अशा सोयीत प्रात्यक्षिके बुडतात, हेही लक्षात घ्यावे.)

बारावीनंतर थेट उड्डाण प्रशिक्षण घेतल्यास वेळ वाचतो, कारण परवान्यासाठी पदवीची अट नाही. किमान वय १८ वर्षे आणि २०० तासांचे उड्डाण लागते. खर्च मात्र ५० लाखांच्या घरात जातो, आणि परवाना मिळताच नोकरी मिळेल याची हमी कोणी देत नाही. प्रशिक्षणासोबत विमानशास्त्राची बी.एस्सी. घेतली तर पदवी पदरात पडते, पण वैद्यकीय कारणाने उड्डाण सुटल्यास तिचा उपयोग मर्यादित राहतो. त्यापेक्षा भौतिकशास्त्र-गणिताची साधी बी.एस्सी. किंवा अभियांत्रिकी पदवी दुसऱ्या नोकरीसाठी अधिक कामाची ठरते. शिवाय तिच्यात ६० टक्के गुण असतील तर हवाई दलाची ‘अफकॅट’ परीक्षाही देता येते.

ज्या घरात एवढी रक्कम उभी करणे शक्य नाही, तिथे ‘एनडीए’चा, म्हणजे सैन्यदलांचे अधिकारी घडवणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा, विचार सर्वांत आधी व्हावा. तिथल्या प्रशिक्षणाचा खर्च सरकार करते, आणि मुलांना दहावीनंतर छत्रपती संभाजीनगरच्या सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेत त्याची तयारीही करता येते. निवड मात्र कठीण असते, आणि डोळ्यांचे निकष नागरी उड्डाणापेक्षा कडक असतात. नागरी क्षेत्रात चष्म्याने दृष्टी पूर्ण होत असेल तर सहसा अडचण येत नाही. म्हणून नागरी उड्डाणाची वाट कोणतीही धरली तरी, शेत तारण ठेवण्याआधी मान्यताप्राप्त डॉक्टरांकडून ‘वर्ग २’ ही वैमानिकांसाठीची वैद्यकीय तपासणी, रंगदृष्टीसह, करून घ्यावी.