चेक बाउन्सच्या नोटिशीला ऑनलाइन उत्तर: पाचपैकी अडीच तारे

चेक न वटल्याबद्दल निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम 138 ची नोटीस आली की ठराविक फीमध्ये वकिलाच्या लेटरहेडवर उत्तर लिहून, स्पीड पोस्टाने पाठवून देणाऱ्या ऑनलाइन सेवा आता बऱ्याच आहेत. हा अभिप्राय त्या प्रकाराबद्दल आहे, एका कंपनीबद्दल नाही.

टपालाचं काम त्या चोख करतात. पोचपावती आणि ट्रॅकिंग नंबर मिळतो. ट्रॅकिंगचं पान त्याच आठवड्यात छापून ठेवा, वेबसाइटवर ते कायम राहत नाही. भाषाही नीटनेटकी असते. अडीच तारे एवढ्याचेच.

घोळ फॉर्मपासून सुरू होतो. फॉर्म नोटिशीची तारीख विचारतो, पण 15 दिवस मोजायचे ते नोटीस हातात पडल्यापासून. शिवाय ती मुदत पैसे भरण्याची आहे, उत्तराची नव्हे. त्या मुदतीत चेकची रक्कम दिली तर गुन्हाच घडत नाही. पैसे खरोखर देणं असेल आणि जमत असेल, तर फी वाचवा आणि चेकचे पैसे भरा. दुसरं, बँकेचा रिटर्न मेमो (चेक वटला नाही असं कळवणारी चिठ्ठी) मिळाल्यापासून 30 दिवसांत समोरच्याने नोटीस पाठवली का, हे तपासायला मेमोची तारीख लागते. तिच्यासाठी फॉर्ममध्ये रकानाही नसतो.

मसुद्यात सर्वात धोक्याचा परिच्छेद म्हणजे ‘नोटिशीतील सर्व मजकूर खोटा व बनावट आहे, चेकवरील सही आमच्या अशिलाची नाही’. हा साच्यातून येतो. सही तुमची असेल तर हे वाक्य उलटतपासणीत तुमच्याच गळ्याशी येईल. सही मान्य असेल तर कलम 139 चं गृहीतक (चेक देणं फेडण्यासाठीच दिला होता, असं न्यायालय धरून चालतं) लागू होतं आणि ते खोडायची जबाबदारी तुमच्यावर येते. ‘कोरा चेक सिक्युरिटी म्हणून दिला होता’ एवढ्यावर भागत नाही. बीर सिंग प्रकरणात 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सही करून दिलेल्या कोऱ्या चेकलाही हे गृहीतक लावलं. कशाची सिक्युरिटी, कधी दिली, तो व्यवहार कसा मिटला, हे कागदासकट यायला हवं.

एक उदाहरण घ्या. 5 लाखांचा चेक दिला, बँकेत टाकण्याआधी 2 लाख एनईएफटीने परत गेले, तरी चेक पूर्ण रकमेचाच टाकला. साच्यातला मसुदा म्हणतो, ‘काही रक्कम परत केलेली आहे.’ हवं ते असं: अमुक तारखेला 2,00,000, यूटीआर नंबर (बँकेचा व्यवहार क्रमांक) अमुक, सोबत खातेउतारा. फेडलेली रक्कम चेकवर नोंदवल्याशिवाय पूर्ण रकमेचा चेक टाकला तर 138 टिकत नाही, असं 2022 च्या दशरथभाई पटेल निकालात आहे. म्हणजे बचावाचा सगळा भार त्या एका ओळीवर, आणि तीच मोघम!

उलट टोकही असतं. ‘थोडी मुदत द्यावी, हप्त्याने फेडू’ ही ओळ काही मसुद्यांत सौजन्य म्हणून घातलेली दिसते. ती देण्याची लेखी कबुली ठरते. तडजोडीचं बोलणं वेगळ्या पत्रात, हक्क अबाधित ठेवून करा.

मंजुरीचं बटण दाबण्याआधी मसुदा नोटिशीशेजारी ठेवा आणि परिच्छेदागणिक ताडा. साधारणतः एक दुरुस्ती फुकट असते, म्हणून सगळे बदल एकाच खेपेत कळवा. दुसऱ्या खेपेला वेगळी फी पडते.