भूप-देशकार की मारवा-पूरिया?

राग शिकताना बऱ्याचदा असं होतं: आरोह-अवरोह (चढते-उतरते स्वर) पाठ आहेत, थाट (रागाचा मूळ गट) आणि समयही सांगता येतो, पण तेच स्वर असलेले दोन राग वेगळे का वाटतात हे कानाला उमगत नाही. अशा वेळी सारख्या स्वरांची एक जोडी घेऊन घोळवत बसावं म्हणतात. भूप-देशकार आणि मारवा-पूरिया या अशाच रागांच्या दोन जोड्या. कुठली घ्यावी, हा प्रश्न मलाही पडला होता.

भूप-देशकारची बाजू भक्कम आहे. पाचच स्वर, सगळे शुद्ध, तानपुरा नेहमीसारखा पंचमाला (प) लावलेला. भूपात गंधार (ग) धरून पूर्वांगात, म्हणजे सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात, रमायचं, देशकारात धैवतावर (ध) उभं राहायचं. ऐकायला गायिका किशोरीताई आमोणकरांचा भूप आहेच. माझं घोडं अडलं ते गुणगुणताना. ‘ध, प, ग प ध प’ असा देशकार धरायचो, उतरताना रिषभावर (रे) जरा रेंगाळलो की ‘ग रे सा’ करत थेट भूपात. आणि गंमत म्हणजे ते कळायचंही नाही, कारण भूप कानाला गोडच लागतो. महिनाभर देशकार म्हणून मी भूपच पक्का केला! दोष माझ्या कानाचा असेल; भूपातली गाणी त्यात फार आधीपासून मुरलेली.

मारवा-पूरियात कटकटी जास्त, हे खरं. पंचम वर्ज्य, म्हणजे लावायचाच नाही, म्हणून तानपुरा निषादाला (नि) लावलेला हवा. कोमल रिषभ नेमका लागायला वेळ जातो. पण इथे चूक लपत नाही. ‘नि रे ग’ म्हणून गंधारावर थांबा, पूरिया. तिथून परत रिषभावर येऊन थांबा, मारवा. एवढ्यानंच जीव कासावीस होतो. पूरियाच्या गंधार-निषादात षड्ज-पंचम भाव, म्हणजे सा आणि प यांच्यातलं जुळणारं अंतर, आहे, मारव्याच्या कोमल रिषभ-धैवतात तो नाही. शिवाय मारव्यात षड्ज (सा) टाळत टाळत जायचं. गायक उस्ताद अमीर खाँसाहेबांचा मारवा लावून षड्ज कधी येतो एवढीच वाट पाहत बसा. तो आला की आपण श्वास सोडतो, तेव्हा कळतं की इतका वेळ रोखला होता.

अर्थात ज्यांचा सा अजून स्थिर नाही, त्यांनी भूपच घ्यावा. मारव्यात त्यांना रिषभच सा वाटायला लागतो. बाकीच्यांना, माझ्या मते, दुसरी जोडी लवकर पावेल. त्यात त्याच स्वरांची, तार (वरच्या) सप्तकात नाचणारी सोहनी रागिणी वरकड मिळते.