टर्न-बेस्ड की अ‍ॅक्शन? पहिली आरपीजी निवडताना

आरपीजी, म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन त्याला घडवत खेळायचे व्हिडिओ गेम, खेळायला सुरुवात कुठून करू, असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो: हरल्यावर खापर कुणाच्या माथी फोडायला आवडेल, स्वतःच्या बोटांच्या की तुम्ही घडवलेल्या पात्राच्या? ट्रेलर आणि ग्राफिक्स नंतर बघा. टर्न-बेस्ड आणि अ‍ॅक्शन यांतला खरा फरक या प्रश्नात आहे.

टर्न-बेस्ड हा जुना खाक्या. १९८६चा ड्रॅगन क्वेस्ट आणि १९८७चा फायनल फँटसी याच पद्धतीचे. आधी तुमची पाळी, मग शत्रूची; मध्ये हवा तेवढा विचार करा. बॉल्डर्स गेट ३ (२०२३) मध्ये तर बोलण्यावरही फासे पडतात. पहारेकऱ्याला थाप मारायची म्हटलं की पडद्यावर वीस बाजूंचा फासा फिरतो, त्यात तुमच्या पात्राच्या गोडबोलेपणाचे गुण मिळवले जातात. पण फाशावर १ आला की गुण कितीही असोत, थाप पकडली गेलीच. मग आधी सेव्ह केलेला गेम लोड करून पुन्हा प्रयत्न करायचा मोह होतो. करू नका. फसलेल्या थापेतून पुढे जे घडतं ते बरेचदा जास्त मजेदार असतं.

अ‍ॅक्शन आरपीजीत पाळी वगैरे काही नाही. एल्डन रिंग (२०२२) मधला मार्गिट हा बलाढ्य शत्रू काठी उगारतो आणि तशीच हवेत धरून ठेवतो. घाबरून आधीच रोल (वार चुकवायची कोलांटी) मारलात की रोल संपता संपता काठी डोक्यात. मेलात की कमावलेले सगळे रून्स (लेव्हल वाढवायला आणि खरेदीला लागणारं गेममधलं चलन) तिथेच पडतात, आणि ते आणायला जाताना पुन्हा मेलात तर कायमचे गेले. लेव्हल वाढवून फायदा होतो, सोबतीला आत्मे किंवा दुसरे खेळाडूही बोलावता येतात. पण शेवटी शिकायचं असतं ते तुमच्या हातांना. म्हणून तर पहिल्याच लेव्हलवर राहून अख्खा गेम संपवणारे बहाद्दर आहेत. सोपं-अवघड निवडायची सोय नाही, आणि साधं पॉझही नाही! घरात लहान मूल असेल तर हा मुद्दा बाकी सगळ्यांपेक्षा मोठा.

गोष्टीवरून मात्र या दोघांत निवड करू नका. द विचर ३ (२०१५) अ‍ॅक्शन आहे, पर्सोना ५ (२०१६) टर्न-बेस्ड. दोन्हीत नायक आधीच ठरलेला आणि दोन्हीत कथा भरपूर. नायक शून्यातून स्वतः घडवायचा असेल तर बॉल्डर्स गेट ३ किंवा स्कायरिम (२०११). यातला पहिला टर्न-बेस्ड, दुसरा अ‍ॅक्शन.

मधला मार्गही आहे. क्लेअर ऑब्स्क्यूर: एक्स्पिडिशन ३३ (२०२५) मध्ये वार पाळीपाळीने होतात, पण शत्रूचा घाव चुकवायला बटण नेमक्या क्षणी दाबावं लागतं. मला हा प्रकार आवडतो, तरी पहिला गेम म्हणून देणार नाही. दोन्हीकडचं एकदम शिकावं लागतं.

कंट्रोलर कधी हातात धरला नसेल तर पर्सोना ५ रॉयल (पर्सोना ५ची वाढीव आवृत्ती) घ्या. शत्रूच्या कमजोरीवर वार बसला की जादा पाळी मिळते, एवढं कळलं की निम्मी लढाई समजली. गेम लांबलचक आहे, शंभर तास सहज जातात. शूटर किंवा फुटबॉलचे गेम खेळून हात तयार असतील तर पाळीची वाट बघणं तुम्हाला जड जाईल. तुम्ही द विचर ३ सर्वात सोप्या पातळीवर सुरू करा. एल्डन रिंग त्यानंतर. आणि बॉल्डर्स गेट ३? माझा सर्वात लाडका, पण सुरुवातीलाच नियमांचा इतका मारा होतो की तो दुसरा गेम म्हणूनच घ्यावा.