ओव्ह्युलेशन स्ट्रिप: ओटीपोटातल्या कळेच्या आदल्या दिवशी

माझी पाळी साधारण ३० दिवसांनी येते आणि सोळाव्या दिवसाच्या आसपास ओटीपोटात, कधी उजवीकडे तर कधी डावीकडे, काही तास कळ येते. बीजकोशातली पिशवी ताणली जाते, फुटते आणि तिच्यातला द्रव पोटाच्या आतल्या अस्तराला लागतो, म्हणून असे दुखते, असे डॉक्टरांनी सांगितले होते. बाळासाठी प्रयत्न सुरू केल्यावर ही कळ हीच बीज बाहेर पडण्याची (ओव्ह्युलेशनची) खूण मानून आम्ही सहा महिने तिची वाट पाहत राहिलो.

मग मेडिकलमधून ओव्ह्युलेशनच्या ५ स्ट्रिपचे पाकीट आणले. (दुकानदाराने आधी प्रेग्नन्सी टेस्टच काढून दिली होती, त्यामुळे नाव नीट सांगून मागावे.) लघवीतल्या एलएच या संप्रेरकाची वाढ ही स्ट्रिप दाखवते आणि त्यानंतर साधारण २४ ते ३६ तासांत बीज बाहेर पडते. पहिल्या दिवशी दुसरी फिकट रेघ पाहून मी आनंदले, पण इथे फिकट रेघ म्हणजे 'नाही'. चाचणीची रेघ शेजारच्या रेघेइतकी किंवा तिच्याहून गडद झाली तरच 'होय'. ही महत्त्वाची गोष्ट माहितीपत्रकात अगदी बारीक इंग्रजी अक्षरांत कोपऱ्यात छापलेली आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

तेराव्या दिवसापासून रोज दुपारी, दोन-तीन तास पाणी बेताने पिऊन, मी चाचणी केली. पंधराव्या दिवशी खिडकीच्या उजेडात धरलेल्या स्ट्रिपवर दोन्ही रेघा सारख्याच गडद, जांभळट गुलाबी दिसल्या आणि कळ आली ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. शुक्राणू शरीरात ५ दिवसांपर्यंत टिकू शकतात, तर बीज जेमतेम १२ ते २४ तास. म्हणजे कळेची वाट पाहण्यात आम्ही दर महिन्याला सर्वांत चांगले दिवस हातचे घालवत होतो. पुढच्या दोन्ही महिन्यांत माझ्या बाबतीत हाच क्रम दिसला. काहींना मात्र बीज फुटण्याआधीच दुखते, त्यामुळे माझे गणित दुसरीने जसेच्या तसे उचलू नये.

पाळी अनियमित असेल तर ५ स्ट्रिप पुरत नाहीत. पीसीओएस (बीजकोशांशी निगडित संप्रेरकांचा बिघाड) असलेल्यांत एलएच मुळातच वाढलेले असू शकते, म्हणून रेघ गडद दिसूनही बीज फुटलेले नसू शकते. ते खरोखर फुटले का, हे स्ट्रिप सांगत नाही. त्यासाठी फॉलिक्युलर स्टडीची (बीजाच्या पिशवीची वाढ पाहणारी) सोनोग्राफी किंवा प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाची रक्तचाचणी करावी लागते आणि आम्ही सोनोग्राफी आता दहाव्या दिवसापासून करून घेणार आहोत. दुखणे नेहमीचे की काळजीचे, हेही स्ट्रिपला कळत नाही. कळ एकाएकी असह्य झाली, सोबत ताप, उलट्या किंवा चक्कर असेल, किंवा पाळी चुकल्यावर एका बाजूला दुखू लागले, तर स्ट्रिप बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. दुखण्यावर कोणती गोळी चालेल, हेही मी त्यांनाच विचारले, कारण आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी बीज फुटणे लांबू शकते.