एबीए, ईएसडीएम, फ्लोअरटाइम, टीच की पेक्स? ऑटिझमचं निदान झाल्यावर कुठून सुरुवात करायची

निदान झाल्यावर पहिल्या महिन्यात आईवडिलांच्या कानावर इतकी नावं पडतात की कुठलाही माणूस गोंधळेल. एक सेंटर सांगतं आठवड्याला तीस तास एबीए लागेल, दुसरं सांगतं एबीए बिलकुल नको, मूल रोबोट होतं, फ्लोअरटाइम करा, तिसरीकडे ओटी (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामं जमावीत यासाठीची थेरपी), स्पीच आणि स्पेशल एज्युकेशनचं पॅकेज हातात देतात, आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर तर काय रोज नवीन काहीतरी. मी स्पेशल एज्युकेटर आहे, यातल्या बऱ्याच पद्धती स्वतः वापरते, आणि माझं म्हणणं अगदी सरळ आहे: पद्धतीच्या नावावरून ठरवू नका, आपल्या मुलाला आत्ता सगळ्यात जास्त काय अडतंय आणि ही पद्धत घरातल्या माणसांना काय शिकवून जाते यावरून ठरवा.

तुलना करायला एकच प्रसंग घेऊ. तीन वर्षांचं मूल आहे, बोलत नाही, तहान लागली की आईचा हात धरून फिल्टरपाशी ओढत नेतं आणि तिचा हात नळावर ठेवतं. याच मुलाबरोबर प्रत्येक पद्धत काय करते ते बघा.

आधी एबीए, म्हणजे वागणं नीट बघून, छोट्या टप्प्यांत आणि बक्षीस देत शिकवणं, कारण सगळ्यात जास्त वाद याच्यावर आहेत. जुन्या पद्धतीच्या एबीएमध्ये, ज्याला डीटीटी म्हणतात, मूल टेबलखुर्चीवर बसतं, समोर ग्लासचं आणि बॉलचं चित्र, थेरपिस्ट म्हणते "पाणी दाखव", जमलं नाही तर हात धरून दाखवून घेते, जमलं की लगेच शाबासकी किंवा आवडता खाऊ, आणि शीटवर टिक. असं परत परत. याचा पाया घातला यूसीएलएच्या इवार लोवास यांनी. त्यांच्या १९८७ च्या अभ्यासात १९ मुलांना आठवड्याला ४० तास शिकवलं आणि त्यातली ९ मुलं साध्या शाळेत पहिलीत नीट बसली, बुद्ध्यांकही सर्वसाधारण आला. आजही सेंटरवाले जो "४० तास" आकडा सांगतात तो तिथूनच आलाय. पण त्या अभ्यासात कुठलं मूल कुठल्या गटात हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं, त्यामुळे तुलना पक्की म्हणता येत नाही, आणि चुकीच्या वागण्यावर जोरात ओरडणं, मांडीवर चापट असले प्रकारही त्यात होते. आज कुणी हे करत असेल तर मुलाला उचला आणि बाहेर पडा, दुसरा विचार करू नका.

आताचं चांगलं एबीए बरंच बदललंय, आणि त्यातली एक गोष्ट मला खरंच अनमोल वाटते ती म्हणजे वागण्यामागचं कारण शोधणं. समजा मूल रोज संध्याकाळी कपाळावर हात मारून घेतं. चांगली थेरपिस्ट आधी आठवडाभर फक्त लिहून काढायला सांगते, त्याआधी काय झालं, त्याने काय केलं, त्यानंतर काय झालं. मग वहीत दिसतं की बहुतेक वेळा मिक्सर सुरू झाल्यावरच होतंय, आणि हात मारला की कुणीतरी त्याला उचलून दुसऱ्या खोलीत नेतं. म्हणजे ते मूल त्याच्या परीने "मला इथून न्या" असं सांगतंय. आता उपाय सोपा होतो, मिक्सर लावायच्या आधी सांगायचं, कानावर हेडफोन द्यायचा, आणि "बाहेर" असं एक कार्ड द्यायला शिकवायचं. स्वतःला इजा करून घेणं, चावणं, पळून जाणं असले प्रश्न असतील तर या बाबतीत एबीएच्या जाणकार माणसाचा हात कुणी धरू शकत नाही.

पण ऑटिस्टिक मोठी माणसं जे सांगतात तेही ऐकायलाच हवं. त्यातले अनेकजण सांगतात की लहानपणी त्यांना हात हलवू नको, डोळ्यात बघ, शांत बस हेच शिकवलं गेलं, आणि त्यासाठी रोज जे दाबून ठेवावं लागलं त्याची किंमत पुढे मोजावी लागली. म्हणून सेंटरने दिलेली गोल्सची यादी नीट वाचा. त्यात "आय कॉन्टॅक्ट ५ सेकंद" आणि "हात फडफडवणं बंद" वरती असेल, आणि "नको" म्हणायला शिकणं कुठेच नसेल, तर ते सेंटर मुलासाठी काम करत नाहीये.

ईएसडीएम हे सॅली रॉजर्स आणि जेराल्डिन डॉसन यांनी बनवलं, अगदी लहान मुलांसाठी, साधारण एक ते चार वर्षं. यात वागणुकीचं शास्त्र तेच असतं पण शिकवणं खेळात आणि रोजच्या कामात मिसळलेलं. आपलं पाणीवालं मूल बादलीपाशी बसलंय, थेरपिस्ट तांब्याने थोडं पाणी ओतते, थांबते, वाट बघते, मुलाने वर बघितलं किंवा हात पुढे केला की "पाणी! अजून पाणी!" आणि धार सुरू. बक्षीस म्हणजे तेच पाणी, वेगळी गोळी चॉकलेट नाही. अशा पद्धतींना एकत्र एनडीबीआय म्हणतात, पीआरटी आणि जॅस्पर पण याच घरातले. २०१० मध्ये छापून आलेल्या ईएसडीएमच्या चाचणीत ४८ लहान मुलं होती, दोन वर्षांनी ईएसडीएम घेतलेल्या मुलांचा बुद्ध्यांक सरासरी १७.६ गुणांनी वाढला, बाकीच्यांचा ७ गुणांनी. एनडीबीआयच्या बाजूने आज चिठ्ठ्या टाकून केलेल्या चाचण्यांचा पुरावा चांगला आहे, संवाद आणि भाषा यांच्या बाबतीत विशेष. अडचण एकच, रीतसर ट्रेनिंग घेतलेली माणसं आपल्याकडे कमी आहेत आणि असली तर मुंबई पुण्यात. पण याचा गाभा आईबाबा शिकू शकतात आणि म्हणूनच मला ही पद्धत सगळ्यात जवळची वाटते.

फ्लोअरटाइम स्टॅनली ग्रीनस्पॅन यांचं. इथे मूल नेईल तिकडे जायचं. ते फिल्टरचा नळ चालू बंद करतंय तर आपण पण खाली बसायचं, आपला हात लाडाने मध्ये घालायचा, त्याने तो बाजूला करायचा, आपण परत घालायचा, हसू आलं की समजायचं देवाणघेवाण सुरू झाली. दिवसातून अनेकदा वीस वीस मिनिटं. ज्या मुलाला टेबलवर बसवलं की रडू फुटतं, ज्याचा माणसांवरचा विश्वासच उडालाय, त्याच्यासाठी ही फार चांगली सुरुवात. पुरावा मात्र एनडीबीआयपेक्षा कमी आहे, आणि शर्ट घालणं, टॉयलेट असली ठराविक कामं शिकवायला हे एकटं पुरत नाही.

टीच ही नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातली पद्धत, १९७२ पासून, एरिक शॉपलर यांची. त्या काळात आईच्या थंडपणामुळे ऑटिझम होतो असं बिनधास्त म्हटलं जायचं, शॉपलर यांनी त्याला ठाम विरोध केला आणि आईवडिलांना थेरपीत बरोबरीचं स्थान दिलं, हे मला त्यांचं फार मोठं काम वाटतं. पद्धत काय तर मुलाला बदलण्याआधी आजूबाजूची मांडणी बदला. भिंतीवर चित्रांचा दिनक्रम, आंघोळ, नाश्ता, शाळा, बाग. कामाच्या जागी डावीकडे करायचं काम, उजवीकडे "झालं" चा डबा, म्हणजे किती काम आहे आणि संपणार कधी हे मुलाला न विचारता दिसतं. पाण्याचा त्याचा ग्लास त्याच्या उंचीला, ठरलेल्या जागी, शेजारी चित्र, म्हणजे तहान लागली की स्वतः जाऊन घेतो. वन बीएचके मध्ये पण हे सगळं होतं, एक भिंत आणि वेल्क्रो लागतं बस. पाहुणे आले, लाइट गेली, शाळेला अचानक सुट्टी, असल्या बदलांनी जी मुलं कोसळतात त्यांच्या घरी मी हे पहिल्याच आठवड्यात लावायला सांगते.

पेक्स म्हणजे चित्र देऊन मागणं, अँडी बॉन्डी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी १९८५ मध्ये सुरू केलं. पहिल्या टप्प्याला दोन माणसं लागतात हे बरेच जण विसरतात. आई समोर ग्लास घेऊन गप्प बसते, बाबा किंवा मोठी ताई मुलाच्या मागे. मुलाने ग्लासकडे हात नेला की मागची व्यक्ती त्याच्या हाताने पाण्याचं कार्ड उचलून आईच्या तळहातावर ठेवते, आणि आई त्याच क्षणी "पाणी!" म्हणून पाणी देते. "काय हवंय?" विचारायचं नाही, "कार्ड दे" पण म्हणायचं नाही, कारण सुरुवात मुलाकडून व्हायला हवी, नाहीतर विचारल्याशिवाय न मागणारं मूल तयार होतं. कार्डाऐवजी ॲप पण चालतं, जेलो हे आयआयटी मुंबईत तयार झालेलं फुकट ॲप मराठीत आहे, चेन्नईत बनलेलं "आवाज" नावाचं ॲप पण बरीच मुलं वापरतात.

आजीआजोबांचा इथे हमखास विरोध असतो, कार्ड दिलं तर तो बोलायचाच नाही म्हणून. आजवरच्या अभ्यासांत असं काही आढळलेलं नाही, काही मुलांचं बोलणं उलट थोडं वाढतं. तीन वर्षांचं मूल मागू शकत नसेल तर बोलणं येण्याची वाट बघत बसू नका, पहिल्या महिन्यात हे सुरू करा. याच्याशी उलट टोकाची एक गोष्ट, मुलाचा हात किंवा कोपर धरून त्याच्याकडून टाइप करून घेणारे प्रकार, म्हणजे फॅसिलिटेटेड कम्युनिकेशन, यापासून लांब राहा, तपासणीत ते शब्द हात धरणाऱ्याचे निघालेत. स्टेम सेलचे उपचारसुद्धा नकोत, नॅशनल मेडिकल कमिशनने २०२२ मध्येच ऑटिझमसाठी त्याची शिफारस करता येत नाही असं सांगितलंय, आणि लोक त्यासाठी दागिने विकतात हे बघून जीव तुटतो.

ओटी आणि सेन्सरी थेरपीबद्दल थोडक्यात, झोपाळा आणि ट्रॅम्पोलीनमुळे मूल शांत होत असेल तर छानच, पण तीन महिन्यांनी कुठलं काम जमायला हवं हे लिहून घ्या, बटण लावणं, केस कापू देणं असं काहीतरी दिसणारं.

आता तासांचं गणित. तासाला ७०० रुपये धरले आणि आठवड्याला २५ तास, तर महिन्याला सत्तर हजार होतात. २०२४ मध्ये जामा पेडियाट्रिक्स या बालरोगांवरच्या वैद्यकीय नियतकालिकात १४४ अभ्यास एकत्र करून बघितलं गेलं, तर जास्त तास म्हणजे जास्त प्रगती असा भक्कम संबंध सापडला नाही. तेव्हा कर्ज काढून तास वाढवायच्या आधी घरच्या माणसांचं ट्रेनिंग बघा. आपल्या शेजारचंच उदाहरण आहे, गोव्यात आणि रावळपिंडीत पास नावाचा कार्यक्रम तपासला गेला, २ ते ९ वयाची ६५ मुलं, निकाल २०१५ मध्ये आला. तज्ज्ञ डॉक्टर नव्हे, ट्रेनिंग दिलेले साधे आरोग्य कार्यकर्ते घरी जाऊन आईवडिलांचा मुलाशी खेळतानाचा व्हिडिओ काढायचे आणि तोच त्यांना दाखवून बोलायचे, बघा इथे त्याने तुमच्याकडे बघितलं आणि तुम्ही थांबलात, किती छान झालं. सहा महिन्यांत १२ सेशन. आईवडील मुलाच्या कलाने घ्यायला लागले आणि मुलं स्वतःहून जास्त संवाद सुरू करायला लागली. फोन सगळ्यांकडे आहे, थेरपिस्टला सांगा दर पंधरा दिवसांनी आमचा व्हिडिओ बघा म्हणून.

मग मी काय निवडते? न बोलणाऱ्या लहान मुलासाठी पेक्स किंवा ॲप लगेच, भिंतीवर टीचचा दिनक्रम, आणि दिवसभर आईबाबांनी एनडीबीआयच्या पद्धतीने खेळायचं, त्यासाठी आठवड्यातून एक दोन कोचिंग सेशन. मूल माणसांना घाबरत असेल तर पहिले काही आठवडे फक्त फ्लोअरटाइम. इजा करून घेत असेल तर एबीएचा जाणकार हवाच, आणि आधी दात, कान, पोट, झोप डॉक्टरांकडून तपासून घ्या, कारण दुखतंय हे त्याला सांगता येत नाही. डीटीटी मी रंग, आकडे, वाचनाची तयारी अशा ठराविक गोष्टींसाठी थोडा वेळ वापरते, शिकलेलं घरात वापरता येतंय का हे बघत. शाळेत जाणारं, छान बोलणारं मूल असेल तर हे सगळं गणितच वेगळं.

सेंटरने "घरी फक्त इंग्लिश बोला" सांगितलं तर ऐकू नका. दोन भाषांमुळे ऑटिस्टिक मुलांचं नुकसान होतं असं संशोधनात दिसलेलं नाही, आणि आजीशी जी भाषा बोलायची तीच काढून घेतली तर त्याचा सराव होणार कुणाबरोबर?

सेंटर बघायला जाल तेव्हा आरसीआय (रिहॅबिलिटेशन काउन्सिल ऑफ इंडिया) नोंदणी विचारा, सेशनमध्ये आईला किंवा बाबांना बसू देता का विचारा, आणि मूल रडायला लागलं की तुम्ही काय करता हे विचारा. दार बंद करून आत नेणार आणि पालकांना सोफ्यावर बसवणार असतील तर दुसरं बघा. खर्च झेपत नसेल तर जिल्हा रुग्णालयातलं डीईआयसी, म्हणजे लहान मुलांची लवकर तपासणी आणि उपचार करणारं सरकारी केंद्र, मोफत आहे, तिथे नंबर लावा. आणि दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) लवकर करून घ्या, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, आणि केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या निरामय आरोग्य विम्यात वर्षाला १ लाखापर्यंत कव्हर मिळतं, त्यात थेरपीचा खर्चही ठराविक मर्यादेत बसतो, म्हणून थेरपीची प्रत्येक पावती सही शिक्क्यासह मागून फाइलला लावत जा.