पडद्याची मोजणी: पुण्यातल्या एका डोळ्यांच्या हॉस्पिटलचा इमेजिंग विभाग

आधी निकाल सांगतो. मशीनला पाचपैकी पाच, मशीनवर बसणाऱ्या ताईंना साडेचार, आणि शेवटी माझ्या हातात पडणाऱ्या कागदाला दोन. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, कारण पुढच्या वर्षीही मला तिथेच जायचंय.

मी कराडचा, भूमी अभिलेख कार्यालयात भूकरमापक. मला आरपी आहे, म्हणजे रेटिनायटिस पिगमेंटोसा, डोळ्याच्या मागच्या पडद्याचा आजार. यात आधी रातांधळेपणा येतो, मग बाजूचं दिसणं आकसत जातं, मधलं बराच काळ टिकतं. हा आजार घराण्यातून उतरतो, आणि माझे आई-वडील आते-मामे भावंडं. आमच्या भागात मामाची मुलगी करणं हे काही नवल नव्हतं. जनुकांच्या तपासणीत दोष निघाला यूएसएच२ए या जनुकात. हाच जनुक काहींचं ऐकणंही घालवतो. माझे कान शाबूत आहेत, साहेबांची हाक चौथ्या टेबलावरून ऐकू येते. शिवारातलं काम मात्र सुटलं, आता ऑफिसात बसून जुने नकाशे संगणकावर चढवतो.

उपचार नाही तर दरवर्षी पडद्याचे फोटो कशाला, असं घरचेच विचारतात. २०१७ साली अमेरिकेत मंजूर झालेला लक्सटर्ना हा जनुकीय उपचार फक्त आरपीई६५ बिघडलेल्यांसाठी, माझ्या उपयोगाचा नाही. पण उद्या माझ्या जनुकावर एखादी चाचणी सुरू झाली तर ते विचारणार की अजून शिल्लक किती आहे आणि कोणत्या वेगाने जातंय. ते सांगायला हद्दीच्या खुणा लागतात, आणि खुणा वाद सुरू व्हायच्या आधी रोवलेल्या असाव्या लागतात. हे मला तरी कुणी शिकवायला नको.

आता मशीन. ओसीटीत, म्हणजे प्रकाशाने केलेल्या स्कॅनमध्ये, डोळ्याच्या पडद्याचा उभा छेद दिसतो, हात न लावता, काही मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक. त्या छेदात खालच्या बाजूला एक उजळ रेघ असते, एलिप्सॉइड झोन. प्रकाश टिपणाऱ्या पेशींचा मायटोकॉन्ड्रियांनी, म्हणजे ऊर्जा बनवणाऱ्या कणांनी, ठासून भरलेला भाग तो. पेशी धड असतील तिथे रेघ सलग, गेल्या असतील तिथे पुसलेली. आरपीत ही रेघ दोन्ही टोकांकडून मध्याकडे तुटत येते. म्हणून तिची लांबी मोजली की आजार कुठवर आला ते कळतं. साधारण तीनशे मायक्रॉन म्हणजे दृष्टीचा एक अंश. माझ्या उजव्या डोळ्यात ती आधी २६१० मायक्रॉन होती, पुढच्या वर्षी २४८०, आणि यंदा २३९०.

शेवटच्या नव्वद मायक्रॉनवर मी डॉक्टरांशी बराच वेळ वाद घातला. रेघ नेमकी कुठे संपते हे माणूस ठरवतो, त्यामुळे एकाच डोळ्याची लागोपाठ दोनदा मोजणी केली तरी शंभरेक मायक्रॉनचा फरक पडू शकतो. मग नव्वद म्हणजे खरी घट की हाताचा फरक? डॉक्टर हसले आणि म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. उत्तर बरोबरच होतं. एका वर्षाच्या आकड्यावर रडायचंही नाही आणि पेढेही वाटायचे नाहीत.

हा खेळ ज्याच्या जोरावर चालतो ते या मशीनचं फॉलोअप. इथे हायडेलबर्ग कंपनीचं स्पेक्ट्रालिस हे मशीन आहे. पहिल्या वर्षीच्या स्कॅनमधल्या रक्तवाहिन्या ओळखून ते पुढच्या वर्षी आपोआप त्याच जागेवर छेद घेतं, मधे डोळा हलला तरी सावरतं. जुन्या दगडावरूनच नवी मोजणी सुरू करावी, तसं. ताई स्कॅन लावण्याआधी जुनी फाइल उघडतात, त्याच ओळीवर लावतात, एकेका छेदाच्या अनेक प्रती घेऊन चित्रातला खरखरीतपणा काढून टाकतात. ‘काका, पापणी मिटू नका, थोडंच राहिलंय,’ हे त्या ज्या धीराने म्हणतात, त्याला साडेचार गुण कमीच आहेत. अर्धा का कापला ते पुढे येतंच.

दुसरा फोटो ऑटोफ्लुरोसन्सचा. निळा प्रकाश टाकला की पडद्यामागच्या थरात साठलेलं लायपोफ्युसिन, म्हणजे पेशींचा उरलेला कचरा, स्वतःच उजळतं. आरपीत मधल्या भागाभोवती एक उजळ कडं दिसतं. कड्याच्या आत ठीक, बाहेर पडझड. कड्याची आतली कड आणि ओसीटीतली रेघ तुटते ती जागा जवळपास एकच येते. दोन वेगळ्या पद्धतींनी एकच हद्द निघाली की मोजणीदाराला जे समाधान होतं, ते मला या फोटोंनी दिलं. प्रकाश मात्र त्रासदायक. थेंबांनी बाहुली मोठी झालेली, त्यात तो निळा झोत, डोळ्यांतून घळाघळा पाणी. झोत कमी ठेवता येतो, पण तसं म्हणावं लागतं. मी म्हटल्यावर कमी केला, म्हणून अर्धाच गुण कापला.

वाइडफील्ड फोटोबद्दल माझं मत फारसं बरं नाही. एका झटक्यात दोनशे अंशांचा पडदा दिसतो, कडेचे काळे डाग पाहून नातेवाईक हबकतात, पण खालच्या अर्ध्या भागात पापणीचे केस येतात आणि कडेला चित्र ताणलं जातं. त्यावर क्षेत्रफळ काढू नये. पहिल्या भेटीत एकदा काढावा, ठीक आहे. दरवर्षी त्याचं बिल का भरायचं, ते मला पटलेलं नाही.

आता कागद. घरी जाताना हातात देतात तो रिपोर्ट म्हणजे लाल-पिवळा-हिरवा जाडीचा नकाशा, काचबिंदू नि मधुमेहाच्या पेशंटसाठी केलेला. आरपीवाल्याला लागते ती रेघेची लांबी, आणि ती त्यावर नसते. सॉफ्टवेअर ती आपोआप काढत नाही. कुणीतरी माउस हातात घेऊन टोकापासून टोकापर्यंत मोजावी लागते. मागितली तर मोजून देतात, न मागितली तर नाही. तेही काळ्या-पांढऱ्या प्रिंटरवर, ज्यात उजळ रेघ आणि कागदाचा पांढरा रंग यांत फरक राहत नाही. एका वर्षी आमचं मशीन दुरुस्तीला होतं म्हणून दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर स्कॅन काढला, पण रिपोर्टवर त्याचा उल्लेख सुद्धा नाही. दोन कंपन्यांच्या मशीनवर पडद्याची जाडीच वेगळी येते, कारण खालची सीमा कोणत्या थरावर धरायची याचं दोघांचं गणित वेगळं. जमीन मोजायची साखळी बदलली तर आम्ही मोजणीच्या नोंदीत लिहितो. एवढ्या मोठ्या हॉस्पिटलला एक ओळ लिहायला काय हरकत?

पण एका गोष्टीसाठी यांना शंभर चुका माफ. दोन वर्षांमागे डाव्या डोळ्याने अक्षरं वाकडी दिसायला लागली. मी समजलो, आजार मध्यापर्यंत आला. ओसीटीत दिसलं की मधल्या भागात पाण्याचे बुडबुडे झालेत, मॅक्युलर एडिमा. आरपीत तो होतो, आणि पुष्कळदा थेंबांनी उतरतोही. डॉर्झोलामाइडचे थेंब दिले. पडद्याची मधली जाडी ४१२ मायक्रॉनवरून पुढच्या भेटीत ३१८ वर आली, अक्षरं सरळ झाली. हे एरवी कुणाच्या लक्षात आलं नसतं, ‘आरपीच आहे, वाढणारच’ म्हणून सोडून दिलं असतं. आरपीवाल्यांनी ओसीटी टाळू नये असं मी सांगतो ते याच्यामुळे.

फील्ड टेस्टही, म्हणजे बाजूचं किती दिसतं त्याची तपासणी, इथे होते. तिच्याबद्दल थोडक्यात: थकवा, झोप, मूड, सगळ्याने बदलते. फोटो असे रुसत नाहीत. उलट, अंधारात पायरी दिसते की नाही हे फोटो सांगत नाही. आणि दिव्यांग प्रमाणपत्राला हे फोटो चालत नाहीत. तिथे चष्म्यासह दृष्टी आणि फील्ड, एवढंच पाहतात. ओसीटीची फाइल घेऊन सिव्हिल हॉस्पिटलात वाद घालायला जाऊ नका.

खर्च दोन्ही डोळ्यांच्या ओसीटीचा दोन हजारांच्या आतबाहेर, ऑटोफ्लुरोसन्स वेगळं. सकाळची पहिली वेळ घ्या, नंतर टोकनचा गोंधळ वाढतो. सोबत कुणीतरी न्या. मी भाच्याला नेतो, कारण थेंबांनंतर स्वारगेटच्या उन्हात एसटीची पाटी वाचणं माझ्या आवाक्यातलं नाही. आत बसल्यावर तीन गोष्टी स्वतः बोला: जुन्या फाइलवर फॉलोअप लावा, एलिप्सॉइड झोनची लांबी मोजून लिहा, मशीनचं नाव रिपोर्टवर टाका.

मूळ स्कॅन सीडीवर मिळतात, पण कुणी आपणहून सांगत नाही. तळघरातल्या मेडिकल रेकॉर्डच्या खिडकीत साध्या कागदावर अर्ज लिहून द्यावा लागतो. तिथे ट्यूबलाइट एकच आहे, आणि तीही लुकलुकते.