पवनचक्कीचं मॉडेल की हायड्रोजन फ्युएल सेल: शाळेच्या लॅबसाठी आधी काय घ्यावं?

प्रदर्शनाचे थोडे पैसे उरलेत, त्यात दोन्हीपैकी एकच बसतंय, असा प्रश्न बऱ्याच शिक्षकांना पडतो. मी दोन्ही वर्गात वापरलंय. माझं मत आधीच सांगून टाकते, आठवी-नववीसाठी पवनचक्की, अकरावी-बारावीसाठी फ्युएल सेल (हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र करून वीज बनवणारा), आणि एकच घ्यायचं असेल तर डोळे झाकून पवनचक्की. आता का ते सांगते.

पवनचक्कीचा मोठा फायदा म्हणजे ती पोरांच्या हाताने बिघडते आणि पोरांच्याच हाताने सुधारते. पुठ्ठा, बांबूच्या काड्या, ग्लू गन, एक मोटर (बाहेरून फिरवली की तीच वीज देते) आणि समोर टेबल फॅन, झालं. किट विकत घेतलंच पाहिजे असंही नाही. फक्त मोटरमध्ये सगळे फसतात, मी पण फसले होते. खेळण्यातल्या गाडीची मोटर ३ व्होल्टवर मिनिटाला हजारो फेरे मारते, आणि आपली पुठ्ठ्याची चक्की मारणार चार-पाचशे, म्हणजे व्होल्टेज येणार पाव व्होल्टसुद्धा नाही, आणि लाल एलईडीला लागतात साधारण १.८. मग पोरं हिरमुसतात. त्यापेक्षा भंगारवाल्याकडून जुन्या प्रिंटरची स्टेपर मोटर आणा, ती हळू फिरली तरी बऱ्यापैकी व्होल्टेज देते (एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारी वीज देते, मल्टीमीटर एसीवर ठेवा नाहीतर शून्य दिसेल आणि सगळे मोटरलाच शिव्या घालतील).

खरी मजा पात्यांच्या कोनात आहे. पातं फिरण्याच्या प्रतलात सपाट ठेवलं तर चक्की हलतच नाही, ४५ अंशाला पटकन सुरू होते पण रेंगाळते, आणि १० ते २० अंशाच्या आसपास सुसाट सुटते. हे मी सांगत नाही, एका गटाला एक कोन देते आणि आकडे फळ्यावर लिहायला लावते. सहा पाती लावली की चक्की लगेच सुरू होते पण वेग कमी, तीन लावली की सुरू व्हायला वेळ घेते पण पळते जास्त. मग साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर किंवा धुळ्यात साक्रीकडे ब्राह्मणवेलला ज्यांनी मोठ्या चक्क्या पाहिल्यात ती पोरं आपसूक म्हणतात, तिथे पण तीनच असतात की!

एक चूक मात्र टाळा. नुसते मोकळ्या तारांचे व्होल्ट मोजून 'आमची जास्त वीज करते' असं ठरवू नका, त्यातून कळतो फक्त वेग. तारांमध्ये एक रेझिस्टर जोडा, त्यावरचे व्होल्ट मोजा, वर्ग करून ओहमने भागा, ती खरी पॉवर. मग कळतं की वाऱ्याचा वेग निम्मा झाला की वाऱ्यातली पॉवर आठवा हिस्साच उरते, वेगाच्या घनाचा हिशोब आहे तो. ३० सेंटिमीटर व्यासाच्या चक्कीवर ४ मीटर प्रति सेकंद वारा आला तर त्यात पावणेतीन वॉटच्या आसपास पॉवर असते, आणि बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १९१९-२० च्या सुमाराला दाखवल्याप्रमाणे त्यातली ५९ टक्क्यांच्या वर कुणालाच काढता येत नाही. आपल्या पुठ्ठ्याला त्याचा अगदी छोटा हिस्सा मिळतो, तोच खूप.

आता फ्युएल सेल. दिसायला चिमुकला, किंमत मात्र हजारांत, आणि साठ मुलांच्या वर्गात एकच असेल तर पुढची पाच जण करतात आणि मागचे माना उंचावतात. पण तो जे दाखवतो ते चक्की दाखवूच शकत नाही, वीज साठवून परत काढणं. वीज दिली की पाणी फुटतं, दोन नळ्यांत हायड्रोजन दुप्पट, ऑक्सिजन एकपट (सुरुवातीला ऑक्सिजन थोडा कमी दिसतो, तो पाण्यात जास्त विरघळतो म्हणून), मग वायर काढून छोटी मोटर जोडली की तोच सेल उलटा चालतो. हिशोब पण सुंदर बसतो: १० मिली हायड्रोजनमधून साधारण ७९ कूलॉम चार्ज मिळतो, म्हणजे १०० मिलिअँपिअरची मोटर तेरा मिनिटं. प्रत्यक्षात थोडं कमी येतं आणि ते कुठे गेलं यावर अर्धा तास भांडण होतं. होऊ द्या.

बारावीवाल्यांना अजून एक मजा. पुस्तकातल्या फ्युएल सेलमध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण असतं आणि पाणी हायड्रोजनच्या बाजूला तयार होतं, किटमध्ये पॉलिमरचा पडदा असतो, त्यातून प्रोटॉन जातात आणि पाणी ऑक्सिजनच्या बाजूला तयार होतं. हा फरक पोरांनीच शोधायला हवा.

त्रास काय, तर नळाचं पाणी घातलं की पडदा खराब, आरओचंही चालत नाही, फक्त डिस्टिल्ड. बॅटरीवाल्याकडून आणताना बाटली नीट वाचा, अ‍ॅसिडवालं हातात देतात कधीकधी. तारा उलट्या जोडल्या तरी सेल कायमचा जाऊ शकतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत पडदा सुकतो, म्हणून ओलसर ठेवून झिप पिशवीत बंद करायचा. आमच्याकडचा एक असाच कपाटात सुकून गेला, जूनमध्ये बुडबुडाच नाही. आणि एका सेलचं व्होल्टेज लोडवर ०.६-०.७ च असतं, एलईडी पेटणार नाही, आधीच सांगून ठेवा.

सुरक्षा? हायड्रोजनला सगळे घाबरतात, १०-१५ मिलीने 'फट' एवढंच होतं, तरी काडी लावून दाखवा असा हट्ट पुरवू नका. मला जास्त भीती चक्कीची वाटते, पातं सुटलं की थेट तोंडावर येतं, म्हणून गॉगल लावा आणि पाती फिरतात त्या रेषेत कुणी उभं राहू नका.

दोन्ही एकत्र जोडायचा मोह प्रत्येकाला होतो, चक्कीच्या विजेवर हायड्रोजन बनवायचा. जमतं, स्टेपरच्या एसीला डायोड ब्रिज (चार डायोडची जोडणी) लावून डीसी, म्हणजे एकाच दिशेची वीज करा आणि दीड व्होल्टच्या वर टिकून राहायला हवं. पण ५० मिलिअँपिअर मिळाले तरी १० मिलीला सव्वीस मिनिटं लागतात, म्हणजे शाळेची जवळपास अख्खी तासिका फॅन चालू ठेवून बुडबुडे मोजत बसायचे. प्रदर्शनाच्या दिवशी ठीक आहे, पण त्या दिवशी लाइट गेले तर काय करायचं हे आधीच ठरवून ठेवा, आमच्याकडे पोरांनी पुठ्ठ्याने वारा घातला होता.